वेन्डेल गप्प का बसला

वेन्डेलवर माझा विश्वास कधीच नव्हता. चर्चच्या तळघरात खसखशीचे गोड पाव, कोलाचे, वाढताना सगळ्यांत मोठा तो स्वतःच्या ताटलीत सरकवायचा, हे मी पाहिलेलं. तरी माझ्या नवऱ्याने, लॅडीने, म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा याच एजंटाकडून उतरवला. "कंपनीच बुडाली तर?" मी तेव्हा विचारलं होतं. वेन्डेल टोपीशी चाळा करत गप्प बसला. तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आता लॅडीला माझं नावही आठवत नाही. तो शुश्रूषागृहात असतो आणि खर्च विम्यातून चालतो. पॉलिसी जुन्या पद्धतीची, त्यामुळे आजारपणातही हप्ता माफ झालेला नाही. मक्याची कापणी चालू असताना बातमी आली, कंपनी बुडाली. पाठोपाठ फोन. म्हणे राज्याच्या विमा हमी संस्थेतून बोलतोय, पॉलिसी आम्ही सांभाळू, फक्त हप्ते थांबवू नका, ते या नव्या पत्त्यावर पाठवा.

"कंपनी मेली आणि हप्ता तुम्हाला? आयत्या बिळावर नागोबा!" मी फोन आपटला. हप्ता पाठवलाच नाही.

हे कळल्यावर वेन्डेल धावत आला. "अडेल, वेडेपणा करू नकोस. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडेल, मग हमी संस्थाही काही करू शकणार नाही. लॅडीला तिथून उचलून आणावं लागेल."

"यात तुझा वाटा किती?"

"देवाशपथ, काही नाही. एक कंपनी बुडाली की राज्यातल्या बाकीच्या कंपन्यांकडून वर्गणी काढून ती संस्था लोकांचे दावे भागवते."

"एवढी छान सोय होती, तर मी विचारलं तेव्हा तुझी दातखीळ का बसली होती?"

"विमा विकताना ते बोलायची आम्हाला कायद्यानं बंदी आहे. नाहीतर त्या भरवशावर लोक कुठल्याही फडतूस कंपनीचा विमा घेतील."

चांगलं सांगायलाच बंदी! असा कायदा कुणी ऐकलाय? मी गाडी काढली आणि थेट राजधानीत, लिंकनला, राज्याच्या विमा खात्यात निघाले. वेन्डेललाही शेजारी बसवलं. मागे ठेवला तर पळायचा.

खात्यातल्या बाईंनी त्याचा शब्दन् शब्द खरा ठरवला. हप्त्याची मुदत अजून टळली नव्हती. मी त्यांच्यासमोरच चेक लिहिला. वेन्डेल 'बघ, सांगत होतो ना' असंसुद्धा म्हणाला नाही, त्याचा मला जास्तच राग आला.

"म्हणजे लॅडी आहे तोवर काळजी नाही ना?"

"मर्यादा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीनं आयुष्यभराचं वचन दिलं होतं. संस्था कायद्यानं ठरवलेल्या रकमेपर्यंतच देते. ती फार तर तीन-चार वर्षं पुरेल."

"आणि त्यापुढे?"

बाईंनी माझा चेक फाइलीत लावला. वेन्डेल पुन्हा टोपीशी चाळा करत होता.

संध्याकाळी शुश्रूषागृहात गेले. लॅडी खिडकीशी बसून सफरचंदाचा गर खात होता. नर्स हसतच आली.

"खूशखबर, मिसेस कुचेरा! डॉक्टर तपासून गेले. तुमच्या मालकांचं हृदय एकदम ठणठणीत. अजून दहा वर्षं तरी बघायला नको!"

"दहा?" माझ्या तोंडून निघालं.

तिचं हसू मावळलं. मी आयुष्यभर वेन्डेलकडे जशी पाहत आले, तशी ती माझ्याकडे पाहू लागली. आणि तिचा संशय खरा होता.