तारखेचा रकाना

बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत संगणक आला, त्या वर्षी मालन फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. होड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम तिनंच लिहिला. त्या प्रोग्रॅमला आधीपासून काही ठाऊक नसे. चालता चालता तो प्रत्येक रकान्याला विचारी, तू कोण? आकडा, अक्षरं की तारीख? तारखेचा रकाना रिकामा सापडला, की पडद्यावर प्रश्न उमटे: होडी कधी परतली?

नोव्हेंबरच्या वादळात तिचा भाऊ लवू ज्या होडीवर होता, ती भाट्याच्या किनाऱ्यासमोरून दिसेनाशी झाली. तेव्हापासून रोज सकाळी प्रोग्रॅम त्या होडीपाशी अडे. तिची आई गंगुबाई मासळीची रिकामी पाटी घेऊन धक्क्यावर जाताना खिडकीशी थांबे.

"इचारलंन?"

"विचारलं, आई."

"मग येल तो. उगाच कोण कशाला इचारील?"

रिकामा रकाना दिसला की प्रोग्रॅम विचारतोच, हा खुलासा मालननं कधी केला नाही.

शिमगा झाल्यावर लवूची बायको गोदा ऑफिसात आली. "वन्सं, माहेरी गेले तर बायका विचारतात, तू आता कोण म्हणून आलीस? काय सांगू? ते परतले नाहीत, असा मला सोसायटीचा दाखला द्या."

सेक्रेटरी हरिश्चंद्र म्हणाले, "दाखला यातूनच छापतेस ना? मग परतल्याच्या जागी 'बेपत्ता' लिही."

"तिथं अक्षरं बसत नाहीत, काका. रकाना तारखेचा आहे. रिकामा असला तरी तारखेचाच."

"मग बदल की! बी.एस्सी. कशाला झालीस?"

गोदा खाली बघत उभी होती. मालननं रकान्याचा प्रकार बदलला आणि शब्द लिहिला. कुठंतरी गाडी अडेल, असं तिला वाटत होतं. तशी आशाच होती म्हणा. पण प्रोग्रॅमनं नेहमीसारखं रकान्याला विचारलं, अक्षरं असं उत्तर मिळालं, आणि हूं की चूं न करता तो पुढं गेला. तिनं त्याला तसाच घडवला होता. प्रिंटरमधून दाखला करकरत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी आई खिडकीशी थांबली.

"आज नाय इचारलंन?"

"नाही."

"कळलं काय त्याला?"

"मी सांगितलं, आई."

आईनं बराच वेळ खिडकीचा गज धरून ठेवला. मग पाटी काखेत मारली आणि धक्क्याकडे न जाता घराच्या वाटेला लागली.