एकशेपाचवी कळ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. शुद्ध मराठीत मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. सध्या माझा मुक्काम एका कपाटाच्या डोक्यावर आहे. शेजारी एक बंद पडलेली इस्त्री आणि चपलांचा रिकामा खोका आहे. इस्त्री फारशी बोलत नाही. तेव्हा म्हटले, आपली कहाणी तुम्हालाच सांगावी.

माझ्या अंगावर एकशेचार कळा आहेत. कारखान्यातून निघताना त्यांतली प्रत्येक कळ दाबून पाहिली गेली होती. तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलो आहे. पाठीमागे मला दोन छोटे पाय आहेत. ते उघडले की मी मागून उंच होतो आणि टेबलावर कसा ऐटीत उभा राहतो. या पायांचा मला फार अभिमान होता. त्यांच्याबद्दल मी पुन्हा बोलणार आहे.

माझी नेमणूक झाली एका छापखान्यात. खाली यंत्रांची खडखड आणि वर, जिन्याला लागून, अक्षरजुळणीची खोली. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी बाई बसत. त्यांना नाव होते, पण मालकांपासून कागदाचे गठ्ठे वाहणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले, आणि मराठी अक्षरांचे बारीक चिकट तुकडे माझ्या एकेका कळेवर डकवले. 'ट' जरा तिरका बसला. पुढे कितीही वर्षे गेली तरी तो तिरकाच राहिला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. बाई ज्या मांडणीवर टाइप करायला शिकल्या, तिच्यात बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि काने, मात्रा, वेलांट्या, उकार हे सगळे डाव्या हाताला. उजव्या हाताने 'क' दाबायचा, डाव्याने त्याला काना द्यायचा, की 'का' होतो. 'आई' या शब्दाची तर गंमतच आहे. त्याची दोन्ही अक्षरे डाव्या हाताची, पण ती उमटायला उजव्या करंगळीने शिफ्टची कळ धरून ठेवावी लागते. बाईंना यातले काही आठवावे लागत नसे. त्या खिडकीबाहेर बघत आणि त्यांची बोटे आपापली कामे करत.

काय काय उतरवले त्यांनी माझ्यावर! जाडजूड प्रबंध, सभांचे अहवाल, घरमालकांच्या नोटिसा, हौशी कवींच्या कविता, लहान मुलांच्या गोष्टी. बाईंच्या मजकुरात चूक काढून दाखवणाऱ्याला मालक चहा पाजणार होते. वर्षे गेली, पण त्यांच्यावर चहा पाजायची वेळ आली नाही. एकदा मालक म्हणाले, "बाई, एवढं सगळ्यांचं लिहिता, कधी स्वतःचंही काही लिहा की."

"मी आपली उतरवणारी," बाई म्हणाल्या. "मला कसलं आलंय लिहायला?"

मी त्यांचा लाडका होतो. खोलीत नवे संगणक आले, तेव्हा त्यांच्याबरोबर नवे कीबोर्डही आले. बाईंनी संगणक घेतला आणि कीबोर्ड परत पाठवला. "माझा हात याच्यावर बसलाय," असे त्या मालकांना म्हणाल्या. माझी छाती तेव्हा केवढी फुगली म्हणून सांगू!

मग एका दुपारी, प्रबंधाचे काम चालू असताना, बाई मध्येच थांबल्या. डावे मनगट त्यांनी उजव्या मुठीत घट्ट धरले. मालकांनी विचारले, "काय झालं?"

"काही नाही. जरा कळ आली."

मी चपापलो. कळ तर माझ्या अंगावर असते. माझ्या सगळ्या कळा जागच्या जागी होत्या. मग बाईंच्या मनगटात ही कुठून आली? हळूहळू मला समजले की ती एकशेपाचवी होती, आणि ती दाबली तरी कागदावर काही उमटत नव्हते. बाई ती रोज दाबत होत्या.

बाईंची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकाची, कानांची, डोळ्यांतल्या अंतराची मापे घ्यायची आणि चेहऱ्याला बसेल अशी फ्रेम द्यायची, हे तिचे काम. संध्याकाळी आईला न्यायला ती छापखान्यात येई. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"आई, तू सारखा हात का झटकतेस?"

"मुंग्या आल्यात जरा."

"रोज येतात?"

"येतात आणि जातात. चल, उशीर होतोय."

लेक हलली नाही. तिने पिशवीतून मोजपट्टी काढली, आईचे खांदे मोजले आणि मग मला मोजले. "हे बघ. तुझे खांदे एवढे रुंद आणि हा एवढासा. म्हणून तू दोन्ही हात आत ओढतेस आणि मनगटं बाहेरच्या बाजूला मोडतेस. त्यात याचे पाय उघडे ठेवलेस, म्हणजे मनगट वरही वाकलं. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून वर्षानुवर्षं वाचत बसल्यासारखं आहे हे."

असे म्हणून तिने माझे पाय मिटले. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते सवयीने पुन्हा उघडले. खरे सांगतो, मला बरे वाटले. मला ती पोरगी अजिबात आवडली नव्हती.

पण ती हात धुऊन मागे लागली. एका रविवारी तिने बाईंना दुकानात नेले. एक कीबोर्ड मधोमध फुगलेला होता, एकाला तळव्याखाली मऊ गादी होती, आणि एक तर चक्क दोन तुकड्यांचा होता, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. बाईंनी प्रत्येकावर चार शब्द टाइप केले आणि हात काढून घेतला. सोमवारी मालकांना सांगताना त्या हसत होत्या. "परक्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखं वाटलं हो."

लेकीने तरीही हार मानली नाही. तिने पुठ्ठा कापून त्या दोन तुकड्यांची प्रतिकृती केली, पेनाने त्याच्यावर अक्षरे लिहिली आणि ती बाईंच्या टेबलावर मांडली. तुकडे खांद्यांइतके लांब ठेवले, जरा तिरके केले, बाहेरच्या कडा थोड्या खाली केल्या. "आता हात ठेव. बघ, मनगट सरळ राहतंय की नाही?"

बाईंनी हात ठेवले. मी टेबलाच्या कोपऱ्यात सरकवलेला होतो, तिथून मला स्पष्ट दिसले. त्यांची मनगटे सरळ होती, खांदे खाली आले होते. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग त्या एकदम हसल्या.

"पुठ्ठ्यावर किती दिवस टायपू?"

"पुठ्ठा नाही गं, खरा आणू. फक्त हो म्हण. पंधरा दिवस जड जाईल, मग सवय होईल."

"पंधरा दिवस माझं काम कोण करणार? आणि याच्यावर माझा हात बसलाय बाळा. आता कशाला नवीन खूळ?"

त्यांनी मला पुन्हा मध्ये ओढले. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता. आज तो आठवला की मला माझीच लाज वाटते. हात बसला म्हणजे सरावला, एवढेच मला ठाऊक होते. आवाज बसला म्हणजे मात्र आवाज गेला, असे म्हणतात. बाईंच्या हाताचे यांतले कोणते बसणे चालले होते, ते सगळ्यांत जवळून मीच पाहत होतो, आणि मी माझ्या कौतुकातच मश्गूल होतो.

छापखान्यात एक गोष्टीवाले आजोबा येत. मुलांसाठी गोष्टी लिहीत आणि बाईंखेरीज कोणाच्याही हाती आपली वही देत नसत. त्या वर्षी त्यांच्या गोष्टीत 'राजा'चा 'रजा' झाला. आजोबा खो खो हसले. "आमचे महाराज सुट्टीवर गेले वाटतं." बाईही हसल्या आणि काना देऊन मोकळ्या झाल्या. पण पुढच्या पानावर 'हात'चा 'हत' होता, त्याच्या पुढे 'वारा'चा 'वर'. बाईंची बोटे कळेवर पोहोचत होती, पण कळ खाली जात नव्हती, आणि बोटांना ते जाणवत नव्हते. मला मात्र प्रत्येक खेपेला कळत होते. बोट यायचे, नुसते टेकायचे आणि निघून जायचे.

शेवटच्या दोन पानांच्या वेळी मालक म्हणाले, "दुसऱ्या कुणाला एकदा वाचायला देऊ का?"

"मी पाहिलंय. बरोबर आहे," बाई म्हणाल्या. डोळे मजकुरावर असले तरी त्यांचे सारे लक्ष मनगटाकडे होते.

पुस्तक छापून आले. शेवटच्या दोन पानांत अर्धे काने गळलेले होते. आजोबा पुस्तक घेऊन जिना चढून आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी पुस्तक उघडलेसुद्धा नाही. बाईंसमोर बसून एवढेच विचारले, "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

 बाई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे अश्रू प्रथमच पाहिले. त्यातला एक माझ्या तिरक्या 'ट'वर पडला.

डॉक्टरांनी सांगितले की मनगटातली नस फार दिवस दाबली गेली आहे. लेकीने नंतर मालकांना सगळे सांगितले, तेव्हा मी ऐकले. डॉक्टरांनी म्हणे विचारले, "इतके दिवस काय करत होता?" आणि बाई म्हणाल्या, "काम." शस्त्रक्रिया झाली. कळ गेली, पण तिच्याबरोबर डाव्या बोटांतला जोरही गेला. तो परत आला नाही. बाईंना साधे बटणही त्या हाताने लावता येईना.

बाईंनी काम सोडले. निरोपाच्या दिवशी मालकांनी माझी वायर गुंडाळली आणि मला त्यांच्या पिशवीत घातले. "घेऊन जा याला. तुमच्याशिवाय कोण वापरणार?" त्यांनी ते प्रेमानेच केले. ज्याने हात घेतला तोच त्यांनी भेट म्हणून दिला, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आले नाही.

घरी मी काही महिने टेबलावर पडून होतो. मग लेकीने तो दोन तुकड्यांचा कीबोर्ड आणला. पुठ्ठ्याची प्रतिकृती तिने टाकली नव्हती. तिच्याच मापाने तिने दोन्ही तुकडे मांडले, आणि मला उचलून कपाटावर ठेवले. मी तिच्यावर रागावलो नाही. हे सगळे उशिरा झाले होते, आणि उशीर तिने केला नव्हता.

बाई त्या कीबोर्डकडे फिरकत नसत. एका सकाळी लेक बाजूलाच काचा पुसत होती. बाई आपणहून खुर्चीवर येऊन बसल्या, दोन्ही हात कळांवर ठेवले आणि काहीतरी टाइप केले. उजवा हात चालला. डावाही जुन्या सवयीने हलला, पण त्याच्या खाली एकही कळ दबली नाही. पडद्यावर उमटले:

लक हत द

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लेक मागे येऊन उभी राहिली. तिने ते हळूहळू वाचले. "लक... हत... द." मग गळलेला काना, दोन मात्रा, वेलांटी हे सगळे तिने मनातल्या मनात जागच्या जागी लावले.

लेकी, हात दे.

साऱ्या आयुष्यात दुसऱ्यांचे उतरवणाऱ्या बाईंनी स्वतःचे लिहिलेले हे पहिले वाक्य होते. तोंडाने त्या हे कधीच म्हणाल्या नसत्या. लेकीने डोळे पुसले, दुसरी खुर्ची ओढली आणि ती आईच्या डाव्या बाजूला बसली. डावा तुकडा तिने आपल्याकडे सरकवला.

"पुन्हा लिही. उजवं तुझं, डावं माझं. मात्रा कुठंय?"

"अनामिकेखाली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी 'ल' दाबला.

लेकीने मात्रा दिली. मग 'क' आला, त्याला वेलांटी मिळाली. फार वेळ लागला. मधूनच दोघींना हसू येई. वाक्य पुरे झाले तेव्हा बाई म्हणाल्या, "खाली नाव घाल. नावाशिवाय चिठ्ठी पाठवत नाहीत."

"कुणाचं?"

"माझंच की."

बाईंनी उजवी करंगळी शिफ्टच्या कळेवर ठेवली आणि दाबून धरली. लेकीला आधी समजले नाही. मग समजले. आईने कळ धरून ठेवली होती तेवढ्या वेळात तिने डाव्या बोटांनी दोन अक्षरे दाबली. 'आई' उमटले. तरीही बाईंनी करंगळी लगेच उचलली नाही.

मी कपाटावरून हे पाहिले. माझ्यावर एकशेचार कळा आहेत, पण दोघींना बसायला जागा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी हात झटकत असेल, मनगट चोळत असेल आणि विचारल्यावर 'काही नाही' म्हणत असेल, तर तेवढ्यावर गप्प बसू नका. मोजपट्टी घ्या, पुठ्ठा कापा, वाटेल ते करा, पण वेळेवर करा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवर माया करू नका असे मी म्हणत नाही. आमच्यामुळे कोणाला दुखत असेल, तर आम्हाला खुशाल बाजूला ठेवा.

माझे एक शेवटचे मागणे आहे. मला कपाटावर ठेवताना घाईत कोणाच्या लक्षात आले नाही, पण माझे मागचे दोन पाय अजून उघडेच आहेत. मला भंगारात द्याल तेव्हा, आधी तेवढे मिटा.