न सांगता पेरलेलं बी

घरात कुणाला ताप आला तर आपण चार शेजाऱ्यांना सांगतो. मन आजारी पडलं की मात्र दाराला आतून कडी लावतो. धावडा गावच्या कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या घरालाही अशीच कडी लागली होती.

त्याचा धाकटा भाऊ बद्रीनाथ एखाद्या हंगामात तिघांचं काम एकटा उरकायचा. झोप नाही, बोलणं थांबत नाही, बाजारात भेटेल त्याला जेवायला घेऊन यायचा. पुढच्या हंगामात तोच बद्रीनाथ भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि समोरची भाकर वाळून जायची. गाव म्हणायचं, येडा झाला. घर म्हणायचं, पाहुण्यांसमोर काढू नका.

शेवटी त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, हट्ट धरला आणि त्याला जालन्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. माय गोजरबाईनं दामटलं म्हणून कारभारीही सोबत गेला. डॉक्टर आत बद्रीनाथशी बराच वेळ बोलले. बाहेर येऊन कारभारीला उभ्याउभ्या म्हणाले, "तुमच्या भावाला ट्रायलमध्ये घेतलंय. या आजारातल्या उदासीवर दोन औषधांची तुलना चाललीय." एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

ट्रायल! हा शब्द कारभारीच्या पायात मोडलेल्या जुन्या काट्यासारखा होता. काही वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीच्या माणसानं त्याला कपाशीचं बी दिलं होतं, 'एक नंबर माल' म्हणून. निम्मं उगवलंच नाही. उगवलं त्याला बोंड धरलं नाही. पुढे चहाच्या टपरीवर कळलं की ते बी विक्रीचं नव्हतंच, ट्रायलचं होतं. जाब विचारायला गेला तर तो माणूस हसत म्हणाला, "कारभारी, कुणाच्या तरी वावरात पाहावंच लागतं ना?"

ते हसणं कारभारीनं बियासारखं जपून ठेवलं होतं. कुठे पेरायचं, एवढंच ठरत नव्हतं. आता वावर सापडलं.

"आधी माझं रान नासवलं, आता भाऊ नासवून राह्यले," एसटीत तो दात खात म्हणाला.

"दादा, दाक्तरनं मला समदं सांगितलं..." बद्रीनाथ हळूच बोलू लागला.

"तू गप. तुला काय कळतंय?"

बद्रीनाथनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

काठी घेऊन जावं असं कारभारीला आधी वाटलं. पण काठीनं डॉक्टरचं डोकं फुटलं असतं, ट्रायल फुटली नसती. त्याला ट्रायलच फोडायची होती.

औषध कॅप्सूलमध्ये होतं. डबीवर औषधाचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. ट्रायलच्या बियाच्या पिशवीवर असतो तसाच. "डबी माझ्यापाशी राहू द्या, मी बराबर देत जाईन," असं म्हणून कारभारीनं ती आपल्याकडे घेतली. उषाबाईला भरून आलं. मोठे दीर एवढं मनावर घेतात, म्हणून तिनं देवाला साखर ठेवली.

कारभारी कपाशीचा बीजप्लॉट करायचा. संध्याकाळी मादी झाडाची कळी सोलायची, आतले पुंकेसर अंगठ्याच्या नखानं अलगद काढायचे, सकाळी त्या कळीवर नर फूल फिरवायचं, असं ते नाजूक काम. त्यासाठी त्यानं उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. त्याच नखानं त्यानं कॅप्सूलची टोपी काढली. आतली पूड चुलीत झटकली. ज्वारीचं पीठ भरलं आणि टोपी जशीच्या तशी बसवली.

"मला पोकळ बी दिलं व्हतं न्हाई का? घ्या आता पोकळ औषध," तो स्वतःशीच म्हणाला. "लिहा तुमच्या कागदावर, औषध फेल. हसू द्या दुनियेला."

कंपनीचा माणूस वेगळा आणि डॉक्टर वेगळा, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण सुडाला माणूस ओळखायची गरज पडत नाही. आणि भावाचं काय? तर भावाला आपण विषापासून वाचवतोय, हेही उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं.

डबी उषाबाईकडे होती त्या पहिल्या दिवसांत खऱ्या औषधानं बद्रीनाथ जरा ओट्यावर बसू लागला होता. तो पुन्हा भिंतीकडे वळला. कारभारीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. "पाहा तुमच्या दाक्तरची करामत," तो उषाबाईला टोमणे मारायचा. भावानं न खाल्लेली प्रत्येक भाकर त्याला डॉक्टरच्या थोबाडीत बसलेली चपराक वाटायची. आता जालन्याला जायचं, सगळ्या पेशंटांसमोर डॉक्टरला उघडं पाडायचं, याचे शब्द तो कळ्या सोलता सोलता जुळवत राहायचा.

एका दुपारी प्लॉटवर कामाला आलेल्या बायकांनी एकदम हाका मारल्या. बद्रीनाथ विहिरीच्या काठावर उभा होता. उषाबाईनं धावत जाऊन मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. बायकांनी दोघांनाही ओढून बांधावर आणलं. कारभारी पोचला तेव्हा भावाचं डोकं मायच्या मांडीवर होतं.

"जीप बोलवा!" कारभारी ओरडला. "आज त्या दाक्तरला जित्ता सोडत न्हाई."

बद्रीनाथनं डोळे उघडले. "दादा, दाक्तरला नको मारू. त्याचं औषध मी खातच न्हाई की."

"म्हंजी?"

"एक डाव कॅप्सूल तोंडातच फुटली. आपल्या ज्वारीची चव आली." त्याचा आवाज अगदी बारीक होता. "म्या म्हनलं, दादानं भरलं म्हंजी माह्या चांगल्यासाठीच भरलं असंल. मंग खात राह्यलो."

गोजरबाईची नजर कारभारीच्या अंगठ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"कंपनीवाल्यानं तुला न सांगता पोकळ बी दिलं," ती म्हणाली. "तू भावाला काय दिलं रं?"

"माय, त्यो दाक्तर ट्रायल करून राह्यला..."

"दाक्तरनं याला इचारून केली. तू न इचारता केली. मंग कंपनीवाला कोन झाला, त्यो का तू?"

उषाबाई पदरात तोंड खुपसून रडत होती. ती म्हणाली, "दादा, तुम्ही यायले जेवतो का म्हनूनबी कधी इचारलं न्हाई. मलाच इचारायचे, 'त्यो जेवला का?' दाक्तरनं समोर बसवून इचारलं, बद्रीनाथराव, तुमची मर्जी हाय का? त्या दिवशी हे किती वर्सांनी हसले व्हते."

कारभारीनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. ज्या माणसाचं हसणं त्यानं इतकी वर्षं काळजात जपलं होतं, त्याचंच काम आज त्याच्या हातून झालं होतं. तेही सख्ख्या भावावर.

जीप आली. त्याच संध्याकाळी कारभारीनं जालन्यात डॉक्टरसमोर सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, पण आधी त्यांनी बद्रीनाथला तपासून दाखल करून घेतलं. मग म्हणाले, "याला आता ट्रायलमधून काढतो. नंबराच्या डबीतलं औषध बंद, उपचार थेट माझ्या हातून. पण थोडी चूक माझीही आहे. बद्रीनाथला समजावलं, तुम्हाला उभ्याउभ्या उरकलं. अहो, दोन्ही औषधं आधीपासून वापरातलीच आहेत. कुणाला कोणतं द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, म्हणजे माझा कल आड येत नाही. आमच्याकडे पोकळ कॅप्सूल कुणालाच नव्हती."

"एकाला व्हती," कारभारी म्हणाला. "म्या दिलेली."

बद्रीनाथ सावरायला बराच काळ गेला. ऐन क्रॉसिंगच्या, म्हणजे कळ्या सोलून नर फूल फिरवायच्या दिवसांत कारभारीनं अंगठ्याचं नख कापून टाकलं. बायका हसल्या, "मालक, आता कळ्या कशानं सोलता?" तो म्हणाला, "तुमी सोला. माह्या नखावर माहाच भरोसा न्हाई."

आता तो डबी उषाबाईच्या हातून घेतो, भावासमोर उघड्या तळहातावर गोळी धरतो आणि विचारतो, "बद्री, दाक्तरनं दिली तशीच हाय. घेतो का?"

"घेतो," बद्रीनाथ म्हणतो.

बंधू-भगिनींनो, मनाचा आजार हा आजारच असतो, आणि आजारी माणूस हा माणूसच असतो. त्याच्यासाठी नवं औषध शोधणाऱ्यांना जाब जरूर विचारा. त्यांनी तुमच्या भाषेत उत्तर दिलंच पाहिजे. पण मनातला सूड औषधाच्या डबीत भरू नका. तो शत्रूच्या घशाखाली कधीच उतरत नाही. आपल्यावर डोळे झाकून विश्वास टाकणारा माणूसच तो गिळतो, आणि चव कळली तरी बोलत नाही.