पासावर दोन लेकरं

माझ्या बाबांनी शेगावातली एक खोली आठ वर्षं कापूस वाहून मिळवली. विकत नव्हे, दोन दिवसांपुरती. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठने टूम काढली होती, की जो कास्तकार आपला कापूस दुसरीकडे न नेता त्याच्याच फाटकात गाडी सोडील त्याला गाडीमागे एक तांबडी चिठ्ठी. पन्नास चिठ्ठ्या झाल्या की शेठच्या शेगावच्या लॉजमध्ये बायका-लेकरांसकट दोन दिवस फुकट मुक्काम. विजेचा पंखा, खोलीतच नळ. मलकापूरचा व्यापारी भाव बरा द्यायचा, पण बाबा तिकडे वळायचे नाहीत. "थो देते काय चिठ्ठी?" असं सगळ्यांना विचारायचे. शेठ हुशार होता आणि माझे बाबा त्याला हवे तस्से होते, हे मला आता कळतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मला फक्त पंखा दिसत होता.

बाबांचं नाव हिंमतराव, मायचं सत्यभामा. मी थोरली, कोकिळा. माझ्या पाठची शालू सात वर्षांची. आणि उकंडा.

उकंडा आमचा होता आणि नव्हता. शालूच्या आधी आणि नंतर मायचा एकेक मुलगा बाळंत्यातच गेला होता, माझ्या आधीचे दोन वेगळेच. म्हणून हा जन्मला त्याच दिवशी मायने त्याला घरामागच्या उकिरड्यावर ठेवून पाठ फिरवली. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. सुईण रुखमाबाईने त्याला तिथून उचललं, सुपात घातलं आणि पसाभर कोंड्याच्या बदल्यात मायजवळ सांभाळायला दिलं. मरणाला फसवायची ही रीत. पोर या घरचं नाहीच म्हटल्यावर मरण कशाला या दारात येतंय? पाच वर्षं हे सोंग पाळायचं, मग पोर रुखमाबाईकडून परत घ्यायचं. तोवर कुणी कितीही खोदून विचारलं तरी मायने त्याला माझा म्हणायचं नाही.

मायने ते असं पाळलं की पाहणाऱ्याला तिचा राग यावा. तो तिला काकी म्हणायचा. बोलायला लागल्यापासून त्याच्याकडून एकच धडा घोकून घेतलेला, की कुणाचा विचारलं तर म्हणायचं, रुखमाबाईचा. चुकला की माय त्याला चिमटा काढायची, आणि चिमटा काढून चुलीपुढे जाऊन रडायची. मला तेव्हा दोन्ही गोष्टींचा कंटाळा यायचा.

त्याला पाच वर्षं पूर्ण होणार होती माघात, शेगावच्या उत्सवाच्या ऐन गर्दीत. मायने नवस बोलला होता, की महाराजांच्या पायाशी रुखमाबाईला लुगडं-चोळी द्यायची आणि पोर ओटीत घ्यायचं. बाबांच्या पन्नास चिठ्ठ्याही त्याच हंगामात भरल्या. घरात सगळ्यांना वाटलं, महाराजांनीच जुळवून आणलं.

जिनिंगच्या कचेरीत पास करायला बाबा गेले तेव्हा मी सोबत होते. कारकुनाने चिठ्ठ्या पाहून घेतल्या आणि मान वर न करता विचारलं, "लेकरं किती?"

"दोन," बाबा म्हणाले.

त्यांनी लपवाछपवी केली नाही. पाच वर्षांत कुणीही विचारलं की दोन म्हणायची जिभेला सवय लागली होती. बाहेर आल्यावर मीच म्हटलं, "बाबा, उकंड्याचं राह्यलं." ते थबकले, कचेरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "एवढुसं तं हाये थे. कोन पाह्यते?"

रुखमाबाईच्या हाताखाली गावात एक बाळंतीण अडलेली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने येणार होती. आम्ही एक दिवस आधी निघालो, कारण पासावर तीच तारीख होती. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलेला उकंडा खिडकीच्या गजांना तोंड लावून प्रत्येक स्टेशनाचं नाव विचारत होता. अंगात नवा सदरा, बाह्या बोटांच्या खालीपर्यंत लोंबणाऱ्या. खिशात हरभऱ्याचे घाटे. शालूला एक द्यायचा आणि स्वतः दोन खायचा.

लॉजवर पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. मॅनेजर दयाराम नावाचा, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. माणूस वाईट नव्हता, हे मी त्याच्याबद्दल इतक्या वर्षांनीही म्हणते. त्याने पास वाचला, आम्हांला न्याहाळलं आणि पेन खाली ठेवलं.

"मोठे दोन, लहान दोन. हे तिसरं कोनाचं?"

बाबांनी मायकडे पाहिलं. "साहेब, पायथ्याशी पडून राहीन थे."

"तसं नाई चालत भाऊ. उत्सवात एकेका पासावर दहा-दहा जन घुसते आन बोलनं मले बसते. तुमचं घरचं लेकरू असन तं सांगा, मी दोनाचे तीन करतो, शेठची तेवढी परवानगी हाये. पन परक्याचं नाई." मग तो मायला म्हणाला, "तुमचंच हाये ना, बाई?"

एक हो म्हणायचं होतं. मायचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले. पाच वर्षं काढली होती तिने आणि एक दिवस उरला होता. अशा वेळी ती काय करणार होती? तेवढ्यात तिच्या पदराआडून उकंड्याने खणखणीत आवाजात धडा म्हटला. "मी रुखमाबाईचा!"

मायने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शहाणा म्हणून.

"घ्या, आता थोच सांगून राह्यला," दयाराम हसला. "मंग याले बाहीर ठेवा."

बाबा शेठच्या मुनीमजींना शोधायला निघाले. ते स्टेशनाजवळच्या गोदामात असतात म्हणे, त्यांनी लिहून दिलं तर चालेल. बारापर्यंत खोली ताब्यात घेतली नाही तर ती दुसऱ्याला जाणार, म्हणून माय गाठोडी आणि शालूला घेऊन वर गेली. जाताना मला लॉजच्या पायरीवर बसवलं आणि उकंड्याचा हात माझ्या हातात दिला.

"कोके, म्या येईपर्यंत याचा हात सोडू नको. आयकलं ना?"

मी ऐकलं होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आठ वर्षं ज्या खोलीच्या गोष्टी ऐकल्या ती डोक्यावर होती आणि मी या कार्ट्याला धरून उन्हात. तेवढ्यात वरच्या खिडकीतून शालू ओरडली, "कोके, पंखा फिरून राह्यला!"

मी उकंड्याला म्हटलं, "इथंच बस. घाटे खा. हाललास तं मारीन." आणि धावत वर गेले. माय मोरीत नळाखाली हातपाय धूत होती, तिने मला पाहिलं नाही. मी पंख्याखाली उभी राहिले. डोक्यावरचे केस उडत होते, परकर फुगत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की ते बरं वाटणं मला आजही आठवतं. त्याची मला लाज वाटते. मी खाली आले तेव्हा पायरीवर घाट्यांची टरफलं होती, उकंडा नव्हता.

मायला मी सांगितलं, "त्यानं हात झटकला आन पयाला."

बाबा गोदामाकडून परतले नव्हते. शालूला खोलीत बसवून माय निघाली आणि पुढचे चार तास मी तिच्या मागे फिरले. त्या गर्दीत, भर उन्हात, ती माणसांना अडवून विचारत होती, "रुखमाबाईचं पोट्टं पाह्यलं काय? लंब्या बाह्यांचा सदरा हाये." दुसऱ्याच्या पोरासाठी ही बाई एवढी ऊर फुटेस्तोवर काऊन धावते, असं लोकांच्या तोंडावर दिसायचं. एकाने तर म्हटलं, "रुखमाबाईले पाठवा ना शोधाले." तरी तिने तोंडातून माझा हा शब्द काढला नाही.

चारच्या सुमारास भोंग्यावरून पुकारा झाला. उकंडा नावाचा मुलगा सापडला आहे, त्याची आई रुखमाबाई हिने मांडवात यावं.

हरवलेल्या लेकरांचा तो मांडव. तिथे विमलबाई नावाची एक करारी बाई बसलेली. उकंडा एका सतरंजीवर होता, नाकाखाली शेंबूड आणि गालांवर वाळलेलं पाणी. त्याच्या अंगाला लागून दुसरी चार-पाच पोरं बसली होती, एक सारखं खोकत होतं. आम्हांला पाहून तो उठला, पण विमलबाईने त्याचा दंड धरला.

"ही तुही माय हाये काय रे?"

"नाई," उकंडा म्हणाला. "काकी हाये. मी रुखमाबाईचा."

"मंग रुखमाबाईले घेऊन या," ती मायला म्हणाली. "लेकरू मी कोनाच्याबी हातात देत नाई. अंधार पडेलोक नाई आली तं चौकीत देईन."

"उद्या सकायी येते थे," माय म्हणाली. "रातभर राहू द्या ना मायजवळ... माह्याजवळ."

"तुमी कोन त्याच्या?"

उकंडा मायकडे बघत होता. त्याने धडा चुकवला नव्हता आणि आता आपल्याला घरी नेतील अशी त्याची समजूत होती. विमलबाई त्याला परत सतरंजीवर बसवू लागली, तेव्हा तो भोकाड पसरून "काकी" म्हणून ओरडला.

"माह्या पोटचा हाये!" माय ओरडली. "म्या वाह्यला नऊ महिने. रुखमाबाईचा नाई, कोनाचा नाई, माहा हाये, माहा!" ती स्वतःच्या छातीवर मुठी मारत होती. उकंडा तिच्याकडे पाहून घाबरला आणि दंड आवळून उभा राहिला. त्याला चिमट्याची भीती वाटत होती.

विमलबाईने तो दिला. दयारामनेही मुकाट्याने दोनाचे तीन केले. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई आली, महाराजांपुढे लुगडं-चोळी झाली, उकंडा ओटीत आला. माय एवढंच म्हणाली, "आता काय उपेग?"

आठवडाभरात त्याचा गळा धरला. बैलगाडीतून नांदुऱ्याला नेला. डॉक्टर म्हणाला घटसर्प आहे, उत्सवातून लागण झाली असेल, आणखीही दोन लेकरं आलीत. परत येताना बाबांनी त्याला मांडीवर घेतलं होतं. पुढच्या हंगामात त्यांनी कापूस मलकापूरला नेला.

माय डॉक्टरचं ऐकणार नव्हती. तिच्या लेखी त्याला घटसर्पाने नाही, तिच्या तोंडाने नेलं. एक दिवस आधी माझा म्हटलं आणि मरणाने ऐकलं. मला लागण वगैरे सगळं कळत होतं, आणि हेही कळत होतं की मी पंख्याखाली उभी राहिले नसते तर तो त्या मांडवातल्या सतरंजीवर बसलाच नसता. मी ते गिळलं. सुरुवातीला मार बसेल म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून.

सात वर्षांनी मला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईने सहज विचारलं, "हे थोरली तुमची काय?" माय पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. म्हणाली, "नाई जी. रुखमाबाईची हाये. आमी नुसती सांभाळली." रुखमाबाईला वारूनही तेव्हा वर्ष झालं होतं. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले, बाबा खाली पाहत राहिले. ते लग्न जुळलं नाही. दुसऱ्या ठिकाणीही तिने हेच सांगितलं, शालूच्या वेळीही हेच. लोक तिला खुळी म्हणत. मला ठाऊक होतं, ती आम्हांला वाचवत होती.

माय गेली त्याला सहा वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी बसून असे, आणि नर्सने विचारलं की ती म्हणे, शेजारची पोरगी आहे. मी त्याच वेळी तिला सांगू शकले असते, माय, हात मी सोडला होता. मी तिला पाणी पाजलं.