डाव्या पुडीची कणीक

"सैल झालीया," गोजराबाई म्हणाल्या. परातीतल्या गोळ्यात त्यांनी बोट खुपसून पाहिलं. "ह्याची पोळी व्हईल. मृदंग न्हाई वाजायचा."

"वाजंल गं आई." दयानंदनं गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला.

रिह्याच्या खोऱ्यात कुठंही कीर्तन असो, मृदंगाला दयानंद असणार हे ठरलेलं. मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतात, तेव्हा तिच्यातून तो खोल, छातीत उतरणारा आवाज निघतो. बुवा भरात येऊन क्षणभर थांबतात, टाळ थांबतात आणि त्या शांततेत डाव्या हाताची एकच थाप पडते. ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. ती थाप दयानंदची खरी, पण कणीक कधीच त्याची नव्हती. ती मळायची त्याची लेक, जुईली. पाटावर बसायला शिकली तेव्हापासून तीच. गोळा चिमटीत धरायची, दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघायची आणि म्हणायची, "पाळीइतकी मऊ झाली की बास. पप्पा, तू लांब हो. तुला नाही जमत."

आता जुईली अकरा वर्षांची होती आणि सूसला आईजवळ, स्नेहलजवळ राहत होती. स्नेहल तिला घेऊन माहेरी निघून गेली, त्यात सगळं स्नेहलचंच चुकलं असं कुणी म्हणू नये. दिवसा भातखाचरं, रात्री कीर्तनं, आणि मधे उरेल तो नवरा, असा संसार तिनं बरीच वर्षं ओढला होता. पण घर मोडल्यावर तिच्या रागाला जागा पुरेना, आणि तो राग ती लेकीच्या ताटात वाढू लागली. घटस्फोटाचा दावा चालू होता. कोर्टानं बापाला दर शनिवारी दुपारी भेट दिली होती. त्या भेटीत जुईली ठरलेल्या एका वाक्यापलीकडे बोलत नसे.

"आज तरी सांग तिला," गोजराबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "दवाखान्याचं सांग. वकीलबी तेच म्हणला न्हवं?"

वकील तेच म्हणाला होता. येत्या तारखेला न्यायाधीशबाई मुलीला स्वतः विचारणार होत्या. मुलगी 'नको' म्हणाली तर भेटी बंद. "एकदा काय झालं होतं ते स्पष्ट सांगून टाका," वकिलाचा सल्ला होता. "मुलगी शहाणी आहे, फिरेल."

जुईलीला डेंग्यू झाला तेव्हा बाप फिरकलासुद्धा नाही, त्याला पोरीपेक्षा कीर्तन मोठं, असं तिला सांगितलं गेलं होतं. खरं म्हणजे ती दवाखान्यात होती ते दोन्ही दिवस दयानंद खाली, पार्किंगमध्ये बसून होता. लिफ्टपाशी स्नेहलचा भाऊ शैलेश उभा होता. 'वर आलास तर पोलीस बोलावीन,' म्हणाला होता.

"खरं बोलायला तुझं काय जातंय?" गोजराबाईंनी विचारलं.

"माझं काय जात न्हाई. तिची आई जाती." दयानंदनं मृदंग खांद्याला लावला. "स्नेहलला खोटी पाडून मला बाप व्हायचं न्हाई. आन् म्या घरीबी बसून ऱ्हाणार न्हाई. जाणार, बसणार. मृदंगवाल्यानं बुवांच्या पुढं पळायचं नसतं, आई. बुवा श्वास घेत्यात तवर थांबायचं. पण हात पुडीवरच ठेवायचा. हात काढला की तो मृदंगवाला न्हाई."

"लई मोठा झालास," गोजराबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

*

भेटीची जागा म्हणजे सूसच्या सोसायटीचं क्लबहाऊस. कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल, भिंतीला 'मोठ्याने बोलू नये' अशी पाटी. शैलेश खुर्ची टाकून बसला होता. प्रत्येक भेट तो मोबाईलवर चित्रित करायचा. बापाच्या तोंडून एखादा वाकडा शब्द निघतो का, यावर त्याची नजर असायची.

"आज वाजंत्री घिऊन आलास व्हय?" तो म्हणाला. "हितं परवानगी लागते दाजी. वरच्या मजल्यावर लोकं वर्क फ्रॉम होम करत्यात."

"संध्याकाळी गावात कीर्तन हाय. जरा लावून घेतो. हळू वाजवीन."

"वाजव, वाजव. तेबी रेकॉर्ड होऊ दे. कोर्टातल्या बाईसाहेब बघतील, पोरीला भेटायला येतोय का सरावाला."

जुईली टेबलापलीकडे बसली होती. केस घट्ट बांधलेले, नजर टेबलाच्या जाळीवर. ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "तुमच्या येण्यामुळे माझ्या अभ्यासावर आणि मनःस्वास्थ्यावर परिणाम होतो. तुम्ही येऊ नये अशी माझी इच्छा आहे."

त्या वाक्यापेक्षा त्यातला 'तुम्ही' दयानंदला जास्त लागायचा. आजीला, बुवांना, गावातल्या म्हाताऱ्यांना ती 'तुम्ही' म्हणायची. पप्पा मात्र जन्मापासून 'तू'.

"बरं. ऐकलं म्या," तो म्हणाला आणि सतरंजीवर बसला. डाव्या पुडीवर त्यानं कणीक थापली आणि हलकी थाप दिली.

भद्.

त्यानं कडा दाबून पुन्हा थाप दिली. भद्. चिखलात पाय पडल्यासारखा आवाज. जुईलीनं पुस्तक उघडलं. दयानंद उजव्या, काळ्या शाईच्या पुडीवर बोल काढू लागला. उजवा हात स्वच्छ बोलत होता आणि डावा प्रत्येक वेळी मधेच आजारी पडत होता. जुईलीनं पान उलटलं. पुन्हा तेच पान मागे उलटलं. तिच्या पायाचा अंगठा हलायला लागला होता आणि प्रत्येक 'भद्'ला मधेच थांबत होता.

"सैल आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"काय?"

"कणीक. सैल आहे. ऐकवत नाही."

"आजीबी तेच म्हणली."

तिचे ओठ जरा हलले. लगेच तिनं मामाच्या मोबाईलकडे पाहिलं आणि चेहरा पुन्हा मिटून घेतला. दिल्याशिवाय घ्यायचं नाही आणि मागायचंही नाही, अशा बेतानं दयानंदनं हात मांडीवर ठेवले. पण मृदंग तिच्या बाजूला थोडा वळवून ठेवला.

मग खुर्ची सरकली. जुईली सतरंजीवर येऊन बसली. "कोरडं पीठ आहे का?"

पिठाची पुरचुंडी त्याच्या खिशात होती. ती काही विशेष गोष्ट नव्हे, प्रत्येक मृदंगवाल्याच्या खिशात असते. जुईलीनं पुडीवरची कणीक खरवडून काढली, पीठ शिंपडलं आणि डब्याच्या झाकणात मळायला घेतली. मनगटावर जोर देऊन, जीभ दातांत धरून. मग चिमटीत धरून पाहिली आणि दुसरा हात कानाच्या पाळीकडे गेला. पाळीवर पिठाचा पांढरा ठिपका उमटला. दयानंदनं मान खाली घातली. आत्ता तिच्याकडे पाहिलं तर आपण तिच्या पुढं पळू, हे त्याला कळत होतं.

तिनं कणीक गोल थापली, कडा बोटानं बसवल्या.

"आता वाजव," ती म्हणाली. आणि चटका बसल्यासारखी, "वाजवा."

त्यानं थाप दिली.

आवाज फरशीवरून गेला, टेबलाखालून गेला, खिडकीची काच थरथरली. मोबाईल धरलेला शैलेशसुद्धा नकळत सरळ बसला.

जुईली पिठाचे हात मांडीत धरून बसली होती. "दवाखान्यात का नाही आलात?" तिनं विचारलं.

हाच तो क्षण. वकिलानं सांगितलेला, आईनं मागितलेला. दयानंदनं शैलेशकडे पाहिलं. शैलेशच्या हातातला मोबाईल स्थिर होता, पण त्याची नजर फरशीवर गेली.

"आलो हुतो," दयानंद म्हणाला.

"खोटं."

"खाली हुतो. गाड्या लावतात तितं. वर आलो न्हाई."

"का नाही आलात वर?"

"आलो असतो तर भांडण झालं असतं. तुला ताप हुता. तापात पोरीच्या उशाशी भांडण नको, येवढंच त्या वक्ताला सुचलं."

लिफ्टपाशी कोण उभं होतं ते त्यानं सांगितलं नाही. शैलेशनं मोबाईल हळूच मांडीवर उलटा ठेवला.

जुईली बोटावरचं पीठ सोलत राहिली. "पेज आली होती," ती म्हणाली. "थर्मासमधून. आई म्हणाली, कँटीनची आहे. कँटीनमध्ये आंबेमोहर नसतो. झाकण उघडलं तेव्हा अख्ख्या खोलीत वास आला होता. आपल्या खाचरातला."

"आजीनं केली हुती. झाडूवाल्या मावशींनी वर नेली."

"मला तेव्हाच कळलं होतं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी सगळी प्यायले. आणि आईला म्हटलं, कसलीय ही, घाण."

शैलेश उठला. "फोन आलाय मला," तो म्हणाला. मोबाईल वाजला नव्हता. तो बाहेर गेला आणि काचेच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला.

आता जुईली भराभर बोलायला लागली, जणू दार पुन्हा उघडायच्या आत सगळं संपवायचं होतं. "मी इथून हसत गेले ना, की आई जेवत नाही. म्हणते, भूक नाही. मग मी सांगते, मला नाही आवडलं, मी बोललेच नाही. मग जेवते. म्हणून मी आधीच नाही बोलत. ते वाक्य मीच लिहिलंय, आईनं नाही. वाचून आई म्हणाली, छान लिहिलंस."

दयानंदच्या मनात काय काय उसळलं. ते त्यानं तसंच उसळू दिलं आणि थांबला, बुवांचा श्वास होईतोवर थांबतो तसा.

"बाळा," तो म्हणाला, "तुझ्या आईला म्या दुखवलंय. लई वर्सं तिनं वाट बघितली माझी, म्या कीर्तनातच. आता तिला भ्या वाटतं, तूबी जाशील म्हणून. त्ये भ्या तिचं आन् माझं हाय. आमी बघू. तुझ्या डोक्यावर त्ये वझं न्हाई द्यायचं. हसू आलं तर हसायचं, राग आला तर राग. माझ्यावरबी. फकस्त जे हाय ते बोलायचं. आईशीबी, माझ्याशीबी, त्या बाईसाहेबांशीबी."

"आणि मी त्यांना 'नको' सांगितलं तर?"

"तर म्या मोडता घालणार न्हाई. पण जाणारबी न्हाई कुटं. दर शनवारी घरी कणीक भिजवीन. सैल का व्हईना. तू कवाबी आलीस तर मृदंग उघडाच असंल."

"सैल कणकेचा काय उपयोग?" जुईली म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू आलं.

*

स्नेहल न्यायला आली तेव्हा जुईलीच्या बोटांवर आणि कानावर पीठ वाळलं होतं.

"हात कसले भरलेत?" तिनं विचारलं.

शैलेश काहीतरी बोलायला पुढे झाला आणि मोबाईल खिशात घालून मागे सरला. दयानंद मृदंगाला गवसणी घालत होता. जुईलीनं हात मागे लपवले. मग पुन्हा पुढे आणले.

"कणीक आहे. पप्पाच्या मृदंगाची. मी मळली," ती म्हणाली. थोडं थांबून, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा, "मला आवडलं, आई. पण आपण घरी गेल्यावर दोघी जेवायचं."

स्नेहलचा चेहरा पडला. ती दयानंदकडे वळली, त्याच्या डोळ्यांत जिंकल्याचं काही सापडतंय का ते शोधत राहिली. तिथं तसलं काही नव्हतं. त्यानं फक्त मान लववली, कीर्तनाला आलेल्या माणसासमोर लववतो तशी.

"आधी धुऊन घे," स्नेहल लेकीला म्हणाली. आवाज कोरडा होता. "वाळली की निघत नाही ती."

इतकी वर्षं तिनंच तर ते डबे घासले होते.

*

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी जुईलीला एकटीला आत बोलावून विचारलं. ती काय बोलली ते कुणी विचारू नये असं ठरलं होतं आणि दयानंदनं विचारलं नाही. भेटी चालू राहिल्या. पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. स्नेहल अजून त्याच्याशी बोलत नव्हती, वकिलांचे कागद येतच होते, आणि एका शनिवारी जुईली पुन्हा सगळा वेळ गप्प बसून राहिली. दयानंद त्या दिवशीही बसला. हात पुडीवर ठेवून.

त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा तिच्या हातात एक छोटा डबा होता.

"घरूनच मळून आणलीय," ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा नाही."

"आईनं बघितलं?"

"बघत होती. काही बोलली नाही." जुईलीनं झाकण उघडलं. "पण पीठ तिनंच चाळून दिलं."

दयानंदनं गोळा हातात घेतला. अजून त्याला हाताची ऊब होती. एकीच्या हाताची की दोघींच्या, ते त्यानं ठरवलं नाही. त्यानं कणीक डाव्या पुडीवर ठेवली आणि कडा बसवायला मृदंग लेकीकडे सरकवला.