मोरपंखी कॅबिनेट

कॅबिनेटला रंगाचा दुसरा थर दिला, त्या दुपारी माझी पत्नी मंदाकिनी त्यात राहायला गेली.

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा तो उभा पत्र्याचा डबा, ज्याला आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे सीपीयू म्हणतात. मुलगा बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा हा डबा आमच्याकडे राहिला. मूळचा पांढरा, आता जुन्या पुस्तकांच्या पानांसारखा पिवळा. मी अकोल्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे पिवळं झालेलं मला चालतं. मंदाकिनीला चालत नव्हतं. "त्याचं काहीतरी करा, नाहीतर भंगारात द्या," ती म्हणाली.

मी आतलं सगळं काढलं. पंखे तेवढे ठेवले. डबा पाणी लावून पॉलिश पेपरने घासला, प्रायमर मारला आणि स्प्रेने मोरपंखी रंग देऊ लागलो. एका बाजूचा पत्रा सोडवून त्यात हॅक्सॉ ब्लेडने खिडकी कापली, तिला पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावलं. चालू करायचं बटण तुटलं होतं, तिथे आमच्या दारावरच्या जुन्या बेलचं पितळी बटण बसवलं. खिडकी वाकडी झाली. ते मला कापतानाच कळलं होतं, पण अर्ध्यावर थांबायचा धीर झाला नाही.

मे महिना होता आणि आमच्या कूलरची मोटर जळली होती. "आत गार वाटतंय," मंदाकिनी म्हणाली. तिने चपला बाहेर काढल्या, आणि पुढच्या बाजूला सीडी ड्राइव्हची रिकामी खाच होती, तिच्यातून खांदा जरा तिरका करून आत गेली. पंखे अजून फिरत नव्हते. पण पंखे नुसते असले तरी फरक पडतो.

"कसं आहे?" मी बाहेरून विचारलं.

"ऐसपैस आहे. कोपऱ्यात तेवढे रंगाचे ओघळ आलेत."

"ते मी घासून काढतो."

"राहू द्या हो आता. राहणाऱ्याला चालतात."

राहणाऱ्यांत मी धरलेला आहे की नाही, ते मला कळलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

इथे एक सांगायला हवं. बोलावल्याशिवाय मी कुणाच्या घरी जात नाही. एकदा एका लग्नाला हॉलच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो, कारण आमंत्रण फोनवर आलं होतं आणि फोन हिने घेतला होता. ती आत जेवत होती. मी घरी येऊन दहीभात खाल्ला.

संध्याकाळी गॅस आत गेला, मग देवघर, मग पलंग. मी एका बाजूने उचलत होतो, ती आतून ओढून घेत होती. जी वस्तू आत जाई तिची जागा आमच्या फ्लॅटमधून कमी होई. पलंग गेल्यावर बेडरूम उरली नाही. ओटा गेल्यावर स्वयंपाकघराचं दार सरळ जिन्यात उघडू लागलं, म्हणून मी ते लावून घेतलं. शेवटी हॉल तेवढा राहिला, तोही आखडत चाललेला.

"पुस्तकं?" मी विचारलं.

"ती तुमची तुम्ही आणा," मंदाकिनी म्हणाली.

कुठे आणायची, ते ती बोलली नाही. मी पुस्तकं भिंतीशी रचून ठेवली आणि वर्तमानपत्र अंथरून, दुसरा थर वाळेपर्यंत त्यावर बसलो.

तिसऱ्या थराच्या वेळी ती खाचेतून डोकावली. "मी म्हणते वास्तुशांत करून घेऊ. आमरसाचा बेत करते. काय?"

"आत तेवढी जागा आहे?"

"जागेला काय धाड भरलीये? अजून दोन खोल्या निघतील."

"अच्छा."

"अच्छा काय? घरातलं माणूस असं दाराशी उभं राहून चौकशा करतं का?"

मी त्यावर बराच विचार केला. तो प्रश्न होता. आमंत्रण म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं.

बोलावणी करायला शेजारच्या ताथोडवहिनी निघाल्या. अक्षतांची वाटी घेऊन त्या वरपासून खालपर्यंत सगळ्या दारांवर गेल्या. जिन्यात त्यांचा आवाज येत होता, "यायचं बरं का, सहकुटुंब." मी शर्ट बदलला. केस विंचरले. आमच्या दाराशी पावलं आली तेव्हा मी उजवा हात अक्षतांसाठी पुढे करून उभा होतो.

"अगंबाई, काका!" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कसलं बोलावणं? तुम्ही तर घरचेच." वाटीतल्या उरलेल्या अक्षता त्यांनी मंदाकिनीच्या चपलांपाशी ठेवल्या आणि खांदा तिरका करून आत गेल्या.

"हो, बरोबर आहे," मी म्हणालो. हात खिशात घातला.

मग पाहुणे येऊ लागले. कॅबिनेटची एक बाजू अजून उघडीच होती, पत्रा मी वाळायला ठेवला होता. पण तिकडून कुणी गेलं नाही. भिंत लावायची राहिली आहे म्हणून कुणी भिंतीतून आत जात नाही. सगळे रांगेने खाचेतून गेले. सर्वांत शेवटी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गावंडे आले.

"उमाळकर सर, खिडकी काढाले परवानगी घेतली होती काय?"

"ती कॅबिनेटला आहे."

"अन् कॅबिनेट कुठी हाये?"

"माझ्या हॉलमध्ये."

"अन् हॉल कुठी हाये?"

मी बघितलं. वर्तमानपत्र आता भिंतींना टेकून दोन्हीकडून दुमडलं होतं.

"मंग झालं तर," गावंडे म्हणाले. "तुमी येता नं?"

"तुम्ही व्हा पुढे." त्यांच्या म्हणण्यावर जाणं योग्य नव्हतं. ते स्वतःच पाहुणे होते.

गावंडे आत गेले आणि मंदाकिनीने खाचेचं झाकण ओढून कडी लावली. पंगत बसली होती. आमरसाचा वास येत होता, कुरडया मोडल्याचा आवाज येत होता.

"अहो," ती आतून म्हणाली, "तो बाजूचा पत्रा लावून घ्या ना. धूळ येते, रसात पडतेय."

स्क्रू बाहेरून पिळायचे असतात, तेव्हा ते मलाच करायला हवं होतं. मी पत्रा उचलला, जागेवर सरकवला, आणि एकेक स्क्रू पिळत गेलो. शेवटचा पिळताना हात थोडा थांबला. आता उघडी बाजू कुठेच राहणार नव्हती. पण काम अर्धवट ठेवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून तोही घट्ट केला.

आता खिडकीतून आतलं दिसत होतं.

"खिडकी वाकडी हाये राजेहो!" गावंडे जेवता जेवता म्हणाले.

"असू दे," मंदाकिनी म्हणाली. "आमच्या यांनी हाताने केलंय सगळं. उजेड सरळ येतो ना आत?"

चाळीस वर्षांत ती माझ्या कुठल्या कामाबद्दल चारचौघांत असं बोलली नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तिच्या पाटाशेजारी आणखी एक पाट मांडला होता. ताटाभोवती रांगोळी होती, रसाची वाटी भरलेली, आणि कुरडया दुसऱ्या कुणी घेऊ नयेत म्हणून त्यांच्यावर झाकणी ठेवली होती. त्या पाटावर कुणी नव्हतं. मंदाकिनी जेवायला लागली नव्हती. ती दाराकडे बघत होती.

माझ्या दोन्ही खांद्यांना आता पुस्तकं लागत होती. मी म्हणायला तोंड उघडलं, पण काय म्हणायचं? आपल्याच घराबाहेरून "मी येऊ का?" असं विचारायचं, ते भरल्या पंगतीसमोर?

"काका, पंखे लावा हो," ताथोडवहिनींनी हाक मारली. "उकडतंय फार."

पंखे पितळी बटणाने लागणार होते. कोपरानेच पुस्तकं मागे सारून मी हात पुढे नेला आणि बटण दाबलं. पंखे फिरू लागले. रांगोळी एका कडेने उडाली. आणि आत बेल वाजली, आमची जुनी, चिमणीच्या आवाजाची.

पंगतीतल्या माना दाराकडे वळल्या.

"अहो," मंदाकिनी म्हणाली, "बघा ना कोण आलंय."

बेल वाजली की दार मी उघडायचं, असं आमचं लग्नापासून आहे. सवयीने मी म्हणालो, "आलो."

आतही कुणीतरी "आलो" म्हणालं. आवाज माझाच होता, घसा खाकरायच्या आधीचा. मंदाकिनीने झाकणी उचलून बाजूला ठेवली. पावलं दाराकडे आली, डावा पाय जरा घासत, आणि झाकणापलीकडे थांबली.

कडी निघाली नाही.

तो काय करत होता ते मला ठाऊक होतं. कडीवर हात ठेवून तो उभा होता, आणि बाहेर कोण असेल, आपल्याकडे कशाला कुणी येईल, चुकून तर आलं नसेल ना, असा विचार करत होता.

माझ्या पाठीला भिंत टेकली. मी पुन्हा बटणाकडे हात नेला, पण लागोपाठ दोनदा बेल वाजवणं मला बरं वाटेना.