उशी घेऊन गेलेला माणूस

जिना कुणाच्याच मालकीचा नसतो, म्हणूनच सगळ्यात जास्त भांडणं जिन्यावरून होतात. तुमच्याही इमारतीत होत असतील. कुणाच्या चपला, कुणाची सायकल, कुणाचा कचऱ्याचा डबा! या इमारतीच्या जिन्यात एक गादी उभी होती.

गादी ज्याची, त्याला सगळे रेडिओ म्हणत. गाद्या-उश्यांच्या दुकानात तो विक्रेता होता आणि तोंडाचा असा पट्टा सुरू असायचा की टकल्याला कंगवा विकून वर तेलाची बाटलीही गळ्यात मारील. त्याची बायको घरी गाद्यांच्या खोळी शिवायची. मापाला आणलेली मोठी गादी दोन खोल्यांत मावेना, म्हणून तो ती जिन्याच्या वळणावर उभी करून ठेवी. बायको म्हणायची, "अहो, लोकांना त्रास होतो." तो म्हणायचा, "मी बोलतो ना त्यांच्याशी." बोलून सगळं सुटतं यावर त्याची श्रद्धा होती.

वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. त्यांचे गुडघे दुखत आणि उतरताना कठडा लागे, पण कठड्याला तर गादी टेकलेली. त्यांनी आधी सांगून पाहिलं, मग चिडून पाहिलं. एका संध्याकाळी मात्र त्यांचा तोल सुटला.

"ही काय तुझ्या दुकानाची वखार आहे?"

"काका, उद्या हलवतो. जरा दमानं घ्या."

"तुझा उद्या कधी उजाडलाय? बायकोला मशीनवर राबवायचं आणि आपण बाहेर जिभेची कमाई खायची!"

शब्दाने शब्द वाढला होता, पण हा शब्द रेडिओच्या वर्मी लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर सुचलं नाही, आणि जे तोंडाला सुचलं नाही ते हातांनी केलं. त्याने घड्याळजींना ढकललं. एकदाच. गादी हातभर अंतरावर उभी होती, पण घड्याळजी पडले ते नेमके खालच्या फरशीवर. आवाज झाला आणि मग काहीच आवाज होईना. रेडिओ धावत खाली गेला, "काका, काका" करत राहिला. त्यांच्या कानातून रक्त येत होतं.

पोलीस आले. रेडिओ पळाला नाही, नाकारलंही नाही. ठाण्यात फौजदारांनी त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि आधीच सांगून टाकलं, "वकिलाला बोलवायचं असेल तर बोलवा. वकील येईपर्यंत बोलायची सक्ती नाही."

"वकील कशाला, साहेब? मी काय सराईत गुन्हेगार आहे? सगळं खरं खरं सांगतो."

फौजदारांनी चहा मागवला. फार गोड माणूस! मध्येच म्हणाले, "शेजारी म्हणजे डोक्याला तापच असतो हो." झालं, रेडिओ लागला. समोरच्याची मान डोलली की त्याला चेव यायचा. त्याने गादी सांगितली, कठडा सांगितला, घड्याळजींचा तिरसट स्वभाव सांगितला आणि साहेब हसले म्हणून आणखी रंगात आला. "खरं सांगू का, साहेब? या माणसाला एकदा चांगला धडा शिकवायचा, हे माझ्या मनात कधीचं होतं."

हे खरंही नव्हतं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला फक्त समोरच्याची मान आणखी एकदा डोलवायची होती. पण फौजदारांनी ते लिहून घेतलं. कागद पुढे केला, "वाचा आणि सही करा" म्हणाले. न वाचताच त्याने सही ठोकली आणि विचारलं, "मग निघू मी, साहेब? बायको वाट बघत असेल."

फौजदारांनी हवालदाराला हाक मारली. "यांना आत घ्या."

सकाळी बायको एका वकीलबाईंना घेऊन आली. पिकलेले केस, जाड चष्मा आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी काय करता?"

रेडिओ गोंधळला. "बसवतो. सगळ्यात मऊ गादीवर. पाणी देतो."

"मग?"

"मग त्याला बोलू देतो. पाठ दुखते का, झोप लागते का. जो बोलायला लागतो तो..." तो थबकला.

"बोला ना."

"जो बोलायला लागतो, तो घेऊनच जातो."

"काल तुम्ही गिऱ्हाईक होतात," वकीलबाई म्हणाल्या. "फौजदारांनी काही वाकडं केलं नाही. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. तुम्ही मात्र एका वाक्यात रागाच्या भरातल्या धक्क्याचा ठरवून केलेला हल्ला करून ठेवलात."

"पण मी लपवायला नको म्हणून बोललो! गप्प राहणं म्हणजे खोटेपणाच नाही का?"

"नाही. खोटं बोलू नका, कधीच नाही. पण काय बोलायचं, हे शुद्धीवर असताना ठरवायचं असतं. काल तुम्ही भानावर नव्हतात. अशा माणसाने गप्प बसावं, वकील मागावा, घरी कळवावं आणि न वाचता कशावरही सही करू नये. एवढंच तर करायचं होतं!"

बायको कोपऱ्यात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले.

जामीन झाला. अट अशी की घड्याळजींना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटायचं नाही, फोन नाही, कुणाकरवी निरोपसुद्धा नाही. इमारतीत पाऊल टाकायचं नाही. त्याने बहिणीकडे राहायचं ठरलं. वकीलबाईंनी अट दोनदा वाचून दाखवली आणि रेडिओने दोन्ही वेळा मान डोलावली. पण मान डोलावणारं गिऱ्हाईक क्वचितच ऐकत असतं, हे दुकानातल्या पोरांना तोच शिकवायचा!

बहिणीकडे त्याला झोप लागेना. डोळे मिटले की फरशीवरचा तो आवाज. पश्चात्ताप खरा होता, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. जेवताना घास फिरायचा, रस्त्यात कुणी कठडा धरून उतरताना दिसलं तरी तो तोंड फिरवायचा. घड्याळजी वाचले, पण मानेला पट्टा लागला आहे, असं त्याच्या कानावर आलं. मान! तो उठून बसला. मानेचं दुखणं आणि ते त्याला कळू नये? त्याने दुकानातून मानेखाली घ्यायची सगळ्यात उत्तम उशी उचलली आणि बायकोला फोन केला.

"वकीलबाईंना विचारलंत?" तिने पहिला प्रश्न तोच केला.

"माफी मागायला वकील लागतो का? माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही?"

"अहो, नका जाऊ. पाया पडते तुमच्या."

"मी बोलतो ना त्यांच्याशी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

इस्पितळात भेटीची वेळ होती, कुणी अडवलं नाही. घड्याळजींची बायको औषधं आणायला खाली गेली होती. घड्याळजी झोपले होते, पांढरे पडलेले, हनुवटीपर्यंत पट्टा. रेडिओने पिशवीतून उशी काढली. डोकं कसं उचलावं, उशी कुठून सरकवावी, हे बघायला तो वाकला. आणि वर्षानुवर्षांची हाताची सवय! गिऱ्हाईकासमोर मऊपणा दाखवायला दाबायचा, तशी त्याने दोन्ही हातांनी उशी दाबली. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर वाकून.

दारात घड्याळजींची बायको उभी होती.

"धावा! धावा! मारतोय! आता जीव घ्यायला आलाय!"

"काकू, नाही हो! उशी... मी फक्त उशी..."

त्याला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. घड्याळजी जागे झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांत त्याने जी भीती पाहिली, ती पाहून रेडिओची वाचाच बसली. ज्याला आराम द्यायला आलो, त्याला आपण घाबरवून सोडलं, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

जामीन रद्द झाला. उशी पंचनाम्यात गेली.

वकीलबाई तुरुंगात जाळीपलीकडे येऊन बसल्या तेव्हा रेडिओ मान खाली घालून होता. तो म्हणाला, "मला फक्त माफी मागायची होती."

"कुणासाठी?"

"म्हणजे?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला झोप लागावी म्हणून?"

त्याने जाळीवर कपाळ टेकलं.

"माफी मागूच नका, असं मी कधी म्हटलं? पण तुमचं तोंड पाहायचं की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. ज्याने ढकललं, त्याने दारही ढकलून आत शिरायचं नसतं. ती अट न्यायाधीशांनी तुम्हाला छळायला घातली नव्हती. त्या घराला रात्री निर्धास्त झोप लागावी म्हणून घातली होती. आणि खरं सांगायचं तर तुमच्याही रक्षणासाठीच होती."

रेडिओला एकदम हुंदका फुटला. "बाई, मी आयुष्यभर नुसता बोलत आलो. घड्याळजी गादी हलव म्हणाले, मी बोललो. बायको हलवा म्हणाली, मी बोललो. साहेबांनी गप्प राहायची मुभा दिली, तरी मी बोललो. एकदा, एकदा जरी ऐकलं असतं!"

"आता ऐका," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला होता.

खटला उभा राहिला. त्याने सही केलेल्या जबाबातलं "धडा शिकवायचा" हे वाक्य सरकारी वकिलांनी भर न्यायालयात वाचलं. सीलबंद पिशवीतली उशी टेबलावर आली, दुकानाचं लेबल अजून तिला तसंच होतं. या माणसाने उश्यांची स्तुती करण्यात उमर घालवली होती. आता तो एवढंच म्हणाला, "ही मीच नेली होती. मानेला आराम पडावा म्हणून. जाऊ नका असं सांगितलेलं असताना गेलो." घड्याळजी साक्षीला आले. त्यांची मान वळत नव्हती, म्हणून त्याच्याकडे पाहायला त्यांना सगळं अंग वळवावं लागलं. हात कापत होते. या हातांनी आता बारीक स्क्रू धरता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. घड्याळांचं दुकान त्यांनी विकलं होतं.

काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा बायकोने श्वास रोखला. रेडिओ उभा राहिला.

"मी त्यांना ढकललं. गादीही मीच ठेवली होती. चूक माझी आहे."

आणि तो खाली बसला. शिक्षा झालीच. नुसत्या धक्क्याला जेवढी झाली असती, त्याहून ती जास्त होती. जास्तीची त्याने स्वतःच्या जिभेने मिळवली होती.

तुरुंगात एकदा नवा कैदी आला. चांगल्या घरचा, पोक्त वयाचा, पहिलीच वेळ. येताक्षणी तो पहारेकऱ्याला सांगायला लागला, "अहो, झालं काय, मी आणि माझा भाऊ..." रेडिओने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, इथे कुणालाच काही सांगू नका. मलासुद्धा नाही. वकील केलाय का?"

"वकील कशाला? मी काय गुन्हेगार आहे?"

रेडिओने क्षणभर डोळे मिटले. मग जमिनीवर आपल्या शेजारी जागा करून दिली. "बसा. तुमच्यासारखाच एक माणूस होता, त्याची गोष्ट सांगतो. त्याने कुणाचं ऐकलं नाही, तुम्ही कृपा करून ऐका."

मंडळी, राग आवरावा, हात उचलू नये, ही पहिली गोष्ट. पण हात उचलला गेलाच, पोलीस दारात आलेच, तर घाबरून पळू नका आणि शहाणपणा दाखवून बडबडूही नका. तोंड मिटा, वकील मागा, वाचल्याशिवाय सही करू नका आणि न्यायालयाने आखलेली रेघ ओलांडू नका, मग तुमच्या हातात फुलं असोत की उशी. चांगल्या मनाने मोडलेली अटही मोडलेलीच असते. आणि ज्याला दुखावलं, त्याला आधी आपल्यापासून सुटका हवी असते, आपली माफी नंतर.

त्या इमारतीच्या जिन्यात आता गादी नसते. रेडिओच्या बायकोने ती पहिल्याच दिवशी हलवली. कठडा अगदी मोकळा आहे. तरी खटल्यानंतर घड्याळजी कधी जिना उतरलेले नाहीत.